लहान ट्रॅक्टरने मोठी हिरवळ कापताना: झाडं, आळी आणि वळणं

एकर-दीड एकराची हिरवळ ढकलायच्या मशीनने कापायची म्हणजे अख्खा दिवस गेला. घरात लहान ट्रॅक्टर असेल, तर त्याला मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, जोडायचा विचार त्यामुळे आपसूक येतो. मोकळ्या मैदानात काम सोपंच आहे, पण घराभोवतीची जागा क्वचितच मोकळी असते. झाडं, फुलांचे वाफे, दिव्याचे खांब, चेंबरची झाकणं, झोपाळा, कुंपणाचे कोपरे. नवख्याचा निम्मा वेळ हे अडथळे चुकवण्यात जातो आणि उरलेला, जे चुकले नाहीत त्यांची डागडुजी करण्यात.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जागेतलं सगळं गवत ट्रॅक्टरने कापायचं नसतं. मोठा पसारा त्याच्याकडे द्यायचा आणि खोडाजवळचं, कुंपणालगतचं हातभर गवत ट्रिमरसाठी, म्हणजे हातात धरायच्या गवत कापणीच्या यंत्रासाठी, सोडायचं. शेवटची वीतभर कड ट्रॅक्टरनेच निघावी या हट्टापायी खोडं सोलली जातात, डेक (मोवरचं पात्यांवरचं लोखंडी कवच) वाकतात आणि वेळही वाचत नाही.

मोवर कुठे लागलाय ते आधी बघा

इथे ज्या ट्रॅक्टरबद्दल बोलतोय तो साधारण २० ते ४० हॉर्सपॉवरचा. त्याला लॉनचा मोवर दोन जागी लागतो: पोटाखाली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, किंवा मागे थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे दोन खालच्या भुजा आणि एक वरचा दुवा यांच्या जोडणीवर. झुडपं तोडायचा रोटरी कटरही मागेच लागतो, पण त्याचा काप ओबडधोबड येतो. पडीक जागेसाठी तो ठीक, घरासमोरच्या हिरवळीसाठी नाही.

दोन्ही मोवर सरळ रेषेत सारखंच कापतात. फरक पडतो तो वळताना. पोटाखालचा डेक मागच्या आसाच्या पुढे असतो, त्यामुळे तुम्ही ज्या बाजूला वळाल त्याच बाजूला तोही सरकतो. मागचा मोवर आसाच्या मागे असतो, म्हणून तो उलट बाजूला झुलतो. समजा, झाड डाव्या हाताला आहे. ट्रॅक्टरचं तोंड झाड ओलांडून पुढे गेलं, मोवर मात्र अजून झाडाच्या बरोबरीला आहे आणि तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे फिरवलंत. बसल्या जागेवरून वाटतं, आपण झाडापासून लांब चाललोय. तेवढ्यात मोवरचा डावा कोपरा खोडावर आदळलेला असतो. मागे मोवर असेल, तर तो अडथळ्याच्या पूर्ण पुढे जाईपर्यंत स्टिअरिंग सरळ ठेवायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

अडथळे खूप असतील तर पोटाखालचा डेक घ्यावा, असं माझं मत आहे. नुसती मान खाली वळवली की डेकची कड दिसते. मागच्या मोवरसाठी सतत वळून मागे पाहावं लागतं आणि तासाभरात मान भरून येते. तरी मागच्या मोवरचीही एक सोय आहे. तो जोडायला-काढायला सोपा असतो, त्यामुळे ट्रॅक्टरला इतर कामं बरीच असली तर तोच परवडतो.

पुढे लोडर (माती-खत उचलायचं बकेट) लावलेला असेल तर कापणीपुरता काढून ठेवा. त्याच्या वजनाने पुढची चाकं वळताना गवत ओरबाडतात, समोरचं नीट दिसत नाही आणि ट्रॅक्टर उगाच लांब होतो. पण मागे जड मोवर उचलल्यावर पुढची चाकं हलकी पडतात, तेव्हा मॅन्युअलमध्ये पुढची वजनं लावायला सांगितली असतील तर ती लावाच. टायरचंही तसंच. शेतीचे खोल नक्षीचे टायर मऊ जमिनीत गवताची मुळं उपटतात. लॉनसाठी रुंद आणि उथळ नक्षीचे टर्फ टायर मिळतात. हिरवळ कापणं हेच मुख्य काम असेल तर ते घ्या.

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी पायी फिरा

हातात बादली आणि थोड्या झेंड्या घेऊन सगळी जागा चालून या. दगड, तारेचे तुकडे, खेळणी, पाण्याचा पाइप, वाळक्या फांद्या उचला. चालत्या मोवरच्या पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असतं. त्या वेगात सापडलेला लिंबाएवढा दगड कुठे जाईल हे सांगता येत नाही. माणसं, मुलं, कुत्री-मांजरं कापणीच्या जागेपासून पूर्ण लांब हवीत. लहान मूल मांडीवर बसवून गवत कापणं म्हणजे लाड नव्हे.

उचलता येत नाही तिथे झेंडी रोवा: स्प्रिंकलरची तोंडं, व्हॉल्व्हच्या पेट्या, गवतात बुडालेले खुंट, हद्दीच्या खुंट्या, मंडपाचे ताण. सेप्टिक टाकीच्या झाकणावरून ट्रॅक्टर अजिबात नेऊ नका. माणसाचं वजन सहज पेलणारं झाकण ट्रॅक्टरचं वजन पेलेलच असं नाही.

वरही बघा. रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान, उभा असताना तो जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा आणि त्याहून खाली आलेल्या फांद्या आधीच छाटा. मान वाकवून फांदीखालून जायची पाळी येते तेव्हा नेमकं स्टिअरिंगवरचं लक्ष उडतं.

अडथळे चुकवण्यापेक्षा कमी करा

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो या एका कामात, आणि हे काम ट्रॅक्टरवर बसून करायचं नाही.

गवतातून थेट वर आलेलं खोड मोवरसाठी सगळ्यात वाईट. त्याच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि डेकची कड नुसती घासली तरी साल निघते. सालीच्या आतल्या बाजूला झाडाचा जिवंत थर असतो. पानांत तयार झालेलं अन्न तिथूनच खाली मुळांकडे जातं. एका बाजूची जखम झाड कदाचित भरून काढेल, पण दर कापणीला थोडी थोडी साल जाऊन जखम खोडाला वेढून आली की झाड वाळतं. कोवळ्या झाडाला त्यासाठी फार दिवस लागत नाहीत.

यावर उपाय आळं. खोडाभोवतीचं गवत काढून टाका आणि तिथे लाकडाचा भुसा, सालींचे तुकडे किंवा पालापाचोळा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा पसरा. आच्छादन खोडाला टेकवू नका, मध्ये चार बोटं मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो. झाडालाही हे मानवतं, कारण पाण्यासाठी आणि खतासाठी गवताशी स्पर्धा उरत नाही.

आळं केवढं करायचं? इथे अंदाजपंचे काम नको. मोवर बंद ठेवून, मोकळ्या जागेत, गवत न ओरबाडता जमेल तेवढ्या लहान गोलात ट्रॅक्टर फिरवा. मागचं आतलं चाक ज्या गोलावर चालतं त्याची त्रिज्या मोजा. डेक चाकाच्या बाहेर जितका येतो तेवढी त्यातून वजा करा. जो आकडा उरतो तेवढ्या त्रिज्येचं आळं असलं, की एका फेऱ्यात, कुठेही मागे न घेता, त्याला वळसा घालता येतो. एकट्या झाडाला एवढं मोठं आळं विचित्र दिसत असेल तर शेजारची दोन-तीन झाडं मिळून एकच लांबट बेट करा. आठ झाडांभोवती आठ वळसे घालण्यापेक्षा दोन बेटांभोवती दोन वळसे घालणं केव्हाही बरं.

दोन अडथळ्यांमधून जायचं का, याचा निर्णयही टेपने घ्या. डेकची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना वीतभर, एवढी वाट नसेल तर ती वाट नाहीच असं समजा आणि तिथे आच्छादन टाकून टाका. वाफ्यांचे काटकोन गोलाई देऊन मोडा. काटकोनात ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, फक्त पुढे-मागे करत राहतो.

मोवर बसवणं

गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी कापू नये, हा जुना आणि भरवशाचा नियम. हिरवळ ८ सेंटिमीटरवर ठेवायची असेल तर गवत १२ सेंटिमीटरला पोचलं की कापा. फारच वाढलं असेल तर आज उंच कापा आणि चार-पाच दिवसांनी उंची उतरवा.

डेक सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून, चारही टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे आहे हे बघून समतल करा. एका टायरमध्ये हवा कमी असली तर कितीही स्क्रू फिरवा, काप तिरकाच येणार. पोटाखालच्या डेकमध्ये पुढची कड मागच्यापेक्षा साधारण ३ ते ६ मिलिमीटर खाली ठेवतात, म्हणजे कापलेलं गवत मागच्या कडेवर दुसऱ्यांदा घासत नाही. या डेकची छोटी चाकं जमिनीवर टेकलेली नसावीत, किंचित वर हवीत. उंचवटा आला की डेकला वर ढकलणं एवढंच त्यांचं काम.

मागच्या मोवरचं याच्या उलट. त्याचं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवरच पडायला हवं. लिफ्टच्या भुजा पुरत्या खाली सोडा आणि वरचा दुवा थोडा सैल किंवा सरकता राहील असं बघा, म्हणजे ट्रॅक्टर खड्ड्यात उतरला तरी मोवर जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे चालतो. हा दुवा ताठ राहिला की प्रत्येक उंचवट्यावर गवत भादरलं जातं.

उतार आणि रोल बार

ट्रॅक्टरच्या अपघातांत सगळ्यात जीवघेणा प्रकार म्हणजे उलटणं. रोल बार उभा असेल तर सीटबेल्ट लावलेला हवा. फांद्यांखाली जाण्यासाठी बार दुमडलात तर तेवढा वेळ बेल्ट सोडा, कारण तेव्हा ट्रॅक्टर उलटला तर बांधलेला माणूस त्याच्याखाली सापडतो. तिथून बाहेर आलात की बार पुन्हा उभा आणि बेल्ट पुन्हा लावलेला. ‘राहू दे आता दुमडलेलाच’ हा आळस इथे चालत नाही.

उतारावर खाली-वर चालवा, आडवं नको. मॅन्युअलमध्ये उताराची मर्यादा दिलेली असते, तीच पाळा. साधारणपणे १५ अंशांच्या पुढे ट्रॅक्टर नेऊच नये. १५ अंश म्हणजे आडव्या एका मीटरमागे सुमारे २७ सेंटिमीटर चढ. एक सरळ पट्टी, पाणसळ आणि टेप एवढ्यावर हे मोजता येतं. उतारावर फोर व्हील चालू ठेवा. बऱ्याच लहान ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर व्हीलमुळे तो रोध पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. उतारावरच्या झाडाभोवती फिरणं म्हणजे मध्ये कुठेतरी आडवं चालवणं आलंच. अशी झाडं सरळ ट्रिमरला द्या.

सपाटीवर मात्र फोर व्हील बंद. ते चालू असताना तंग वळण घेतलं की पुढची चाकं गवत खरवडतात. डिफरन्शियल लॉकला (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणाऱ्या कळीला) हात लावू नका आणि डावे-उजवे ब्रेक एकत्र जोडून ठेवा. एका चाकाचा ब्रेक दाबून गर्रकन वळलात की तिथे गोल खड्डाच पडतो.

आता कापणी

गवत कोरडं होऊ द्या. ओलं गवत डेकला आतून चिकटतं, गोळे होऊन पडतं, आणि ओल्या मातीत चाकं रुततात ती वेगळीच.

खोडांभोवतीचं ट्रिमरचं काम आधी उरका, मग मोवर फिरवा. ट्रिमरने उडवलेलं गवत मोवरखाली बारीक होऊन जातं, वेगळं गोळा करावं लागत नाही. कानांवर रक्षक आणि डोळ्यांवर चष्मा दोन्ही कामांना हवा.

मोवर जमिनीजवळ आणा, इंजिन कमी वेगावर असताना पीटीओ (इंजिनची ताकद मोवरला देणारा फिरता दांडा) जोडा आणि मग हँड थ्रॉटलने, म्हणजे इंजिनचा वेग ठरवणाऱ्या हाताच्या दांडीने, इंजिन मीटरवरच्या पीटीओच्या खुणेपर्यंत न्या. मागच्या मोवरसाठी ही खूण बहुतेक पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांची असते. पुढे सगळी कापणी थ्रॉटल तिथेच ठेवून करायची. झाडापाशी हळू व्हायचं असेल तर हायड्रोस्टॅटिकचं (गिअर न बदलता पायाने वेग कमी-जास्त करायची सोय) पेडल थोडं सोडा किंवा आधीच खालचा गिअर निवडा. थ्रॉटल कमी केलं की पात्यांचा वेग पडतो आणि गवत कापलं जाण्याऐवजी नुसतं झुकतं. ज्या जागी सावकाश आणि नीट काम हवं, नेमकं तिथेच ते बिघडतं.

बहुतेक डेक गवत उजवीकडे फेकतात. त्यामुळे एकच नियम लक्षात ठेवा: अडथळा डाव्या हाताला. बाहेरच्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन-तीन फेरे मारा. कुंपण डावीकडे राहील आणि गवत आत, हिरवळीवर पडेल. मग प्रत्येक बेटाभोवती उलट दिशेने दोन फेरे. आता झाड डावीकडे आणि गवत पुन्हा मोकळ्या बाजूला. वाफ्यातल्या फुलांवर कचरा नाही, खोडावर खडे नाहीत. मोवर गवत मागे सोडणारा असेल तर गवताच्या दृष्टीने दिशेने फरक पडत नाही. पण मागचा मोवर कुंपणालगत असताना उजवीकडे एकदम वळू नका, त्याचा डावा कोपरा कुंपणाकडे झुलतो. हळूहळू दूर जा, मग वळा.

बेटाभोवती फिरताना नजर खोडावर खिळवू नका. माणूस जिकडे बघतो तिकडेच ट्रॅक्टर नेतो. आळ्याची कड आणि डेकची डावी कड यांमधल्या फटीकडे बघा. डावीकडे वळताना मागचं डावं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, म्हणून पुढचं चाक कडेपासून वाटतं त्यापेक्षा बाहेर ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर पीटीओ बंद ठेवून दोन रिकाम्या बादल्यांभोवती हा सराव करून घ्या. बादली पडली की कुठे चुकतंय ते लगेच कळतं.

कडा आणि बेटं झाली की राहिलेला भाग सरळ पट्ट्यांमध्ये. आधीच्या फेऱ्यांनी प्रत्येक अडथळ्याभोवती वळायला जागा तयार केलेली असते. पट्टा त्या कापलेल्या भागात संपवा, डेक थोडा उचला, वळा, पुन्हा खाली सोडा. शेजारच्याच पट्ट्यात परतायचं तर वळण फार तंग होतं. त्यापेक्षा दोन-तीन पट्टे सोडून पलीकडच्या पट्ट्यात जा आणि सोडलेले पट्टे परतीच्या फेऱ्यांत भरा. दर पट्टा आधीच्यावर १० सेंटिमीटर तरी चढलेला हवा, नाहीतर मध्ये गवताची शेंडी उभी राहते.

वेळेचा अंदाजही यावरूनच येतो. डेक दीड मीटरचा, त्यातले १० सेंटिमीटर पट्टा चढवण्यात गेले, वेग ताशी ५ किलोमीटर. म्हणजे कागदावर तासाला ७,००० चौरस मीटर. एक एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे ३५ मिनिटं. झाडांची गर्दी असेल तर हा हिशेब विसरा आणि दुपटीचा वेळ धरून चला. घाई केली की पहिला फटका आळ्यांच्या कडांनाच बसतो.

मागे घ्यायची वेळ आलीच तर आधी पूर्ण थांबा, वळून पाहा आणि जमत असेल तर पीटीओ बंद करूनच मागे या. डेकमध्ये काही अडकलं तर पीटीओ बंद, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, पाती पूर्ण थांबेपर्यंत सीटवरच. मग उतरा. नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या डेकखाली हात किंवा डोकं घालू नका, खाली ठोकळे लावा.

दर वेळी पट्ट्यांची दिशा बदला: आज उभे, पुढच्या वेळी आडवे, मग तिरके. एकाच वाटेने चाकं फिरत राहिली की माती दबते आणि तिथे चाकोऱ्या उमटतात.

काम झाल्यावर

कापलेल्या गवताचे शेंडे दुसऱ्या दिवशी पांढरट-तपकिरी आणि फाटल्यासारखे दिसले तर पात्यांना धार नाही. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर आडवं अडकवून बघा. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं थोडं आणखी घासा. तोल गेलेलं पातं थरथरतं आणि स्पिंडलचे (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचे) बेअरिंग खाऊन टाकतं. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, नवं लावा.

डेकच्या पोटातलं गवत खरवडून काढा, स्पिंडलला मॅन्युअलप्रमाणे ग्रीस द्या. आणि रेडिएटरसमोरची जाळी. कोरड्या गवताचा भुसा आणि बिया तिच्यावर राखाडी लोकरीसारख्या चिकटून बसतात. बाहेरून फार काही दिसत नाही, पण इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागतो. इंजिन बंद करून जाळी बाहेर ओढा आणि ब्रशने झाडा. उन्हाळ्यात, बियांवर आलेलं गवत कापताना हे काम अर्ध्यातच एकदा करावं लागतं, तेव्हा ब्रश ट्रॅक्टरवरच ठेवलेला बरा.